मुनीमजींना घातलेलं जेवण

अक्का, मी गाव सोडलं त्या सकाळी एस.टी.पर्यंत तू आलीस, माय आली, बाप असून नाना आले नाहीत. जून संपत आला होता, पाऊस लांबला होता, शेतात करण्यासारखं काडीचंही काम नव्हतं. तरी ते उजाडायच्या आत कुदळ खांद्यावर टाकून निघून गेले. माझी पत्र्याची पेटी तूच डोक्यावर घेतलीस. मायने फडक्यात ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून दिला, आणि कंडक्टरने घंटी मारेपर्यंत ती एकच सांगत राहिली, "त्यासना राग धरू नको, राजा." गाडी साक्रीवरून धुळ्याला, तिथून दुसरी धरून जळगावला. सबंध रस्ता मी त्या फडक्याला हात लावला नाही. शेजारच्या बाईला वाटलं, पोरगं घर सुटलं म्हणून रडवेलं झालंय. कसलं घर अन् कसलं सुटणं! नानांनी माझा राग करायचा, तर माय मलाच सांगत होती राग धरू नको म्हणून.

तुला हे सगळं माहीत आहे. पण तुझ्या-माझ्या पोरांना नाही, आणि आपल्यासारखे गाव सोडून सुरत-बडोद्याला गेलेले कितीतरी आहेत, त्यांनाही वाटतं की मी नुसता हुशारीवर शिकलो. म्हणून पहिल्यापासून लिहितो.

मॅट्रिकला मी तालुक्यात वरचा आलो. साक्रीच्या हेडमास्तरांनी जळगावच्या एका डाळमिलवाल्या शेठजींच्या ट्रस्टचा फॉर्म आणून दिला. 'गरीब व होतकरू विद्यार्थ्यांसाठी' असं वर छापलेलं. कॉलेजची फी, होस्टेल, दोन वेळचं जेवण, सगळं ट्रस्ट बघणार. होतकरू मी होतो, यात मला शंका नव्हती. गरीब हा शब्द मात्र आपल्या घरात कोणी कधी उच्चारला नव्हता. मायच्या डब्यातलं पीठ संपलं तरी ती 'नाही' म्हणायची नाही. 'वाढलं' म्हणायची, आणि शेजारी जायची. नानांनी फॉर्मवर अंगठा उठवला खरा, पण काय लिहिलंय ते विचारलं नाही आणि मीही वाचून दाखवलं नाही. तिथंच पहिली चोरी झाली.

मग पोस्टकार्ड आलं. ट्रस्टचे मुनीमजी घर बघायला येणार होते. परिस्थिती खरंच गरिबीची आहे का, हे डोळ्यांनी पाहून जायचं आणि शेठजींना सांगायचं, अशी त्यांची रीत. मी नानांना दहादा समजावलं, की हा माणूस आपल्याकडे काही नाही हे बघायला येतोय, आहे तसं असू द्या. नाना माझ्याकडे असे बघत राहिले की जणू माझंच डोकं फिरलंय. म्हणाले, "घर पावना येवाव शे, आनि त्याले काय कळण्याची भाकर दाखाडू? तू शिकेल शे का वाया गयेल शे?"

झालं. मग आपल्या घरात लगीनघाईच सुरू झाली. गहू आले पाटलांकडून, तूप गल्लीच्या टोकाच्या गुजराकडून, आंबे मामांच्या झाडाचे, गूळ आणि डाळ दुकानातून. पितळेची चकचकीत ताटं तू सासरहून सासूच्या नकळत पदराखाली आणलीस. मायने अंगणात खापर मांडलं आणि दोन्ही हातांवर पसरलेले असे पुरणाचे मांडे केले, की वास पार मारुतीच्या पारापर्यंत गेला.

मुनीमजी आले. वाळकेसे, हातात छत्री, उन्हाने पार कावलेले. नानांनी त्यांना पाय धुवायला तांब्या दिला, पाटावर बसवलं, स्वतः समोर उकिडवे बसून आग्रह करत राहिले. तिसरा मांडा मीच वाढला, अक्का. रसाची वाटी मीच भरली. खोटं कशाला बोलू, त्या दोन घटका मला फार बरं वाटत होतं. आपलं घर भरलेलं दिसत होतं आणि जळगावचा माणूस बोटं चाटत होता. मुनीमजींनी विचारलं, "जमीन-जुमला ठीक है? साल भर पुरतं ना?" नानांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "पुरीसन उरस, शेठ." निघताना त्यांच्या हातात टॉवेल-टोपी आणि नारळ. ते भल्या मनाने घेऊन गेले. वेशीपर्यंत पोचवून आलेले नाना मायला म्हणाले, "पावना खूस व्हयना."

आठ दिवसांनी पत्र आलं. कुटुंब सुखवस्तू आहे, अर्जात खोटी माहिती दिली आहे, सबब अर्ज नामंजूर. मुनीमजींचं काय चुकलं? त्यांनी जे पाहिलं ते लिहिलं.

मी साक्रीला हेडमास्तरांकडे धावलो. ते म्हणाले, एकच उपाय आहे. खुलासा लिही, सगळं खरं खरं लिही, आणि सरपंचांची सही-शिक्का घेऊन आजच्या आज पाठव. मी शाळेच्या बाकावर बसून लिहिलं. गहू कोणाचे, तूप कोणाचं, आंबे कोणाचे. ताटं बहिणीच्या सासरची. आमच्या घरी रोज कळण्याची भाकर असते, तीही पावसाळ्यात एकवेळ. 'माझ्या वडिलांनी आपल्यासमोर जी ऐपत दाखवली ती उसनवारीची होती, त्याबद्दल मी क्षमा मागतो.' हे वाक्य हेडमास्तरांनी सांगितलेलं नाही. ते माझं. अक्षर फार वळणदार आलं होतं, हेही मला त्या वेळी कळलं, इतका मी निगरगट्ट.

मला वाटलं होतं, सरपंच म्हणजे आपले पाटीलच, त्यांना घरी गाठून गुपचूप सही घ्यावी. पाटील होते चावडीवर. सरपंच माणूस, जे गावाच्या वतीने जायचं ते चार लोकांत मोठ्याने वाचून मगच सही करायची, ही त्यांची सवय, आणि एरवी ती चांगलीच सवय. मी हात पुढे करून म्हणालो, "आबा, नुसती सही करा." त्यांनी चष्मा लावला आणि सुरुवात केली. दहा-बारा लोक बसलेले. आणि खांबाला टेकून नाना बसलेले, ते मला आत शिरेपर्यंत दिसलेच नव्हते.

सगळं वाचलं गेलं. गव्हाचं, तुपाचं, ताटांचं. एकवेळच्या भाकरीचं. क्षमेचं. गुजराचा म्हातारा आधी हसला आणि मग त्यालाच कसंतरी झालं. पाटलांचा आवाज शेवटी शेवटी खाली गेला, पण सुरू केलेलं त्यांना थांबवता येईना. मग त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "नाना, तू सांग. करू का सही?"

नाना उठले. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, "बठ्ठं खरं लिखेल शे. कर सही." सगळं खरं, असं चार लोकांत कबूल करून ते चपला हातात घेऊन चावडीच्या पायऱ्या उतरले.

स्कॉलरशिप मिळाली. जळगावला चार वर्षं मी शेठजींच्या अन्नावर राहिलो. दर वर्षी एक समारंभ असायचा, त्यात स्टेजवर जाऊन नारळ आणि वह्या घ्यायच्या आणि वाकून नमस्कार करायचा. इतर मुलं लाजायची, मागच्या रांगेत लपायची. मी सरळ जायचो. लाज होती ती मी आधीच दुसऱ्याच्या नावावर खर्च केली होती.

पुढे बडोद्याला फॅक्टरीच्या लॅबमध्ये लागलो, क्वार्टर मिळालं, लग्न झालं. इकडे नानांचं काय झालं ते तू रोज पाहिलंस, मी सुट्टीत. रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही ओढून ओट्यावर बसवणारा माणूस, दारात कोणी दिसलं की मागच्या दाराने गोठ्यात जाऊ लागला. गावजेवणाच्या पंगतीला जाणं सुटलं. तुझ्या सासूने त्या ताटांवरून तुला जे ऐकवलं तेही त्यांच्या कानावर गेलं, आणि तेव्हापासून ते तुझ्या घरी पाणीसुद्धा प्यायले नाहीत. मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. दोन शिव्या घातल्या असत्या, कानाखाली वाजवली असती, तरी चाललं असतं.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला त्यांना बडोद्याला आणलं होतं. शेजारचे पटेल जेवायला होते. बायकोने नवीन स्टीलची ताटं काढली, नानांना मधे बसवलं. डोळ्यावर पट्टी, त्यांनी हातानेच ताट चाचपलं आणि माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं, "राजा, हाई ताट तुनंच शे ना?" मी हो म्हणालो. तेव्हा ते जेवले. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

माय आधीच गेली होती, नाना गेल्यालाही आता तीन वर्षं होतील. दिवाळीला मी गावी येतो, कुलूप काढतो, ओट्यावर बसतो. समोरून कोणी गेलं की 'या, दोन घास खाऊन जा' म्हणायला तोंड उघडतो, आणि तसंच मिटून घेतो. बडोद्यात मी खुशाल लोकांना जेवायला बोलावतो, 'आवो, बेसो' करतो, आग्रह करतो. तिथं कोणाला काही माहीत नाही. आपलं घर म्हणजे ज्या दारातून माणसाला हाक मारता येते ते, असं मानलं तर मला गावात घर नाही. बडोद्यात आहे ते नोकरी आहे तोवर कंपनीचं.

नानांची माफी मागायला मी दोनदा त्यांच्यासमोर बसलो होतो, अक्का. दोन्ही वेळा पावसापाण्याचं बोलून उठलो. माफी कशाची मागायची? ते पत्र मला अजून तोंडपाठ आहे. ओळ न् ओळ तपासून झाली. त्यात एक शब्द जरी खोटा सापडला असता, तरी तेवढ्यासाठी मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं असतं.