नापास बोडी

आजही आठवलं की माझं डोकं तापतं. मूल या मोठ्या गावाजवळच्या एका खेड्यात मी तेव्हा चौथीला शिकवत होते. गावाभोवती सगळं धान. रोवण्याच्या दिवसांत पोरं सकाळी बांधीत, म्हणजे मातीचे धुरे घातलेल्या धानाच्या वाफ्यात, राबून शाळेत यायची, पायांना चिखल तसाच. त्यांना जे येतं तिथूनच शिकवायला सुरुवात करायची, एवढं मी ठरवलं होतं. म्हणून भूगोल बोडीच्या पाळीवर. बोडी म्हणजे शेताजवळचं लहान तळं, पाळ म्हणजे त्याचा बांध. पोरं बांबूनं पाणी मोजत, त्यात किती बांध्या भिजतील याचा हिशेब मांडत आणि मग त्यावर चार ओळी लिहीत. हाताचं, डोळ्याचं आणि पाटीवरचं ज्ञान एकाच डोक्यात सुखानं नांदतं, हे मी रोज बघत होते.

राज्यांची फेररचना होऊन आमचा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. तोंडी परीक्षेला साहेब आले ते घाटाकडचे, म्हणजे पार पश्चिमेकडचे, नवं पुस्तक काखोटीला मारून. शाळेत मात्र ते पुस्तक अजून पोचलंच नव्हतं!

वर्गात एक पोरगी फार हुशार होती. पास झाली तर मूलला मावशीकडे शिकायला, नाही तर याच उन्हाळ्यात लग्न, असं तिच्या बापानं मला तोंडावर सांगितलं होतं.

साहेबांनी तिलाच विचारलं, "शेताला पाणी कशानं देतात?"

"बोडीनं जी. धुरा फोडला का खालच्या बांधीत पानी जाते."

"बोडी? कोणाचं डोकं बोडलं?" साहेब खो खो हसले. "असा शब्दच नाही मराठीत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "साहेब, खिडकीतून बघा, ती समोर आहे!"

"बाई, तुम्ही पोरांना रानोमाळ हिंडवता ते आलंय माझ्या कानावर. पुस्तकात असेल तेच उत्तर." मग त्यांना म्हणे तिची दया आली. तिला म्हणाले, "मोट म्हण. पास करतो."

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या बापाचे शब्द मला आठवले. मी होकारार्थी मान हलवली.

"मोट," ती म्हणाली.

साहेबांनी शेरा मारला, 'आकलन उत्तम'. आकलन म्हणे! चहा पिऊन बैलांच्या दमणीत बसले नि गेले.

पोरगी दारापाशी घुटमळत होती. मला वाटलं, आता आनंदानं उड्या मारेल.

"बाई, मी पास झाली ना?" ती हळूच म्हणाली. "मंग आता तरी सांगा, मोट म्हंजे काय जी?"