यंत्रमानवाच्या डोक्यातला फोन

सोमवार ते शनिवार मी शाळेत मराठी शिकवतो आणि रविवारी अंतराळात जातो. हे अंतराळ आमच्या गावापासून चालत पंधरा मिनिटांवर, नाल्यापलीकडच्या वावरात आहे. सोयाबीन निघालं की ते रिकामं होतं आणि एका कडेला तेवढी तूर उभी असते. तिथं एक मोडकं मळणीयंत्र पडून होतं. त्याला आम्ही मंडपवाल्याकडचा चंदेरी कागद चिकटवला आणि त्याचं यान केलं. हसायचं त्यांनी खुशाल हसावं. आमची मालिका रिठदपासून मंगरूळपीरपर्यंत लोक मोबाइलवर पाहतात आणि पुढचा भाग कधी, म्हणून मला बस स्टँडवर अडवतात.

आम्ही चौघं. मी लिहितो. मंगरूळपीरला मोबाइलचं दुकान असलेला माझा दोस्त चित्रीकरण करतो. गावात शिवणकाम करणारी ताई पोशाख शिवते आणि मापाच्या वहीत प्रत्येक दृश्याची नोंद ठेवते, कारण मागच्या वर्षी एका भागात सम्राटाची मिशी दोनदा गायब झाली होती. चौथा आमचा वायरमन. तो ठेकेदाराकडे कामाला. गावाची लाइन गेली की खांबावर चढणारा तोच. रविवारी तो आमचे दिवे लावायचा आणि यंत्रमानव व्हायचा, कारण उन्हात तीन तास चंदेरी पोशाख आणि रंगवलेलं हेल्मेट घालून उभं राहायची ताकद आमच्यापैकी दुसऱ्या कोणात नव्हती.

आवाज मात्र माझा. यंत्रमानव पुढच्या शतकातून आलेला, म्हणजे तो शुद्धच बोलणार, हे मी पहिल्या दिवशी ठरवून टाकलं. वायरमन म्हणायचा, ‘मी तुले सोडनार नाई,’ आणि घरी बसून मी त्यावर माझा आवाज चढवायचो, ‘मी तुला सोडणार नाही.’ मास्तरकी, दुसरं काय. त्यानं कधी तक्रार केली नाही. एरवी आम्ही दोघं एकमेकांशी गावच्या बोलीतच बोलायचो.

हेल्मेटात त्याला बाहेरचं नीट ऐकू येत नसे. म्हणून दोस्तानं दुकानातला एक जुना फोन त्याच्या कानाशी चिकटवला. चित्रीकरण सुरू झालं की त्यावर फोन लावायचा आणि कानात सांगायचं, डावीकडं वळ, हात वर कर. त्या वावरात रेंज अशी दगाबाज, की एकदा फोन तुटला की अर्धा तास लागायचा नाही. त्यामुळं एकदा लागलेला फोन संध्याकाळपर्यंत चालू ठेवायचा, हा आमचा नियम.

त्या रविवारी आम्ही सम्राटाच्या खुनाचा भाग करत होतो. कोणीतरी सम्राटाला मारतं, आळ यंत्रमानवावर येतो आणि त्याचे सोबती कालयंत्रातून मागं जाऊन खरा खुनी पकडतात. मी स्वतःवरच खूश होतो. साडेचारला सामान बांधत होतो, तेवढ्यात नाल्याकडून आरडाओरडा ऐकू आला. माजी सरपंचांचा बैल मेला होता.

बैल म्हणजे साधासुधा नव्हे. शंकरपटाच्या शर्यतीत तीन वर्षं त्याच्या पुढं कोणाचा बैल गेला नव्हता. गोठ्यात जाऊन पाहतो तर तो गव्हाणीपाशी आडवा, पायाजवळ उघडी वायर आणि वायरीशेजारी पिवळ्या पट्टीची पक्कड. ती पक्कड अख्ख्या गावाच्या ओळखीची. आठच दिवसांपूर्वी वायरमननं माजी सरपंचांचा वीजचोरीचा आकडा तारेवरून काढून टाकला होता आणि दोघांची चांगली जुंपली होती. आता कोणाला काही सांगायची गरजच उरली नाही. माजी सरपंच बैलाच्या मानेवर हात ठेवून बसले होते. उद्या दुपारी बाराला ठाण्यावर तक्रार देणार, एवढंच ते बोलले.

तक्रार झाली की ठेकेदार त्याला दारातही उभा करणार नव्हता. विहाराकडच्या आळीत त्याचं घर, दोन मुली शाळेत, आणि सगळं त्या एका पगारावर चाललेलं. वायरमन शांतपणे सांगत होता, की पक्कड दुपारी धाकट्या भाऊंनी मागून नेली. धाकटे भाऊ म्हणजे माजी सरपंचांचे सख्खे भाऊ. त्यांनी तिथंच कानावर हात ठेवले. ते वावराकडं फिरकलेच नव्हते म्हणे.

आता मला खरं सांगितलं पाहिजे. माझं घर माजी सरपंचांच्याच आळीत आहे. आणि त्या दुपारी तीनच्या सुमाराला आम्ही पाऊण तास सुट्टी घेतली होती. वायरमन पडतो जरा म्हणून तुरीआड गेला होता. तिथून गोठा दहा मिनिटांवर. मी त्याला त्या पाऊण तासात पाहिलं नव्हतं. रात्री अंथरुणावर पडलो आणि तो पाऊण तास माझ्या छातीवर बसला. राग आला असेल, एका क्षणात केलं असेल, माणूस आहे. असे विचार मी केले. आज लिहितानाही लाज वाटते.

सकाळी शाळेत रजा टाकली आणि ग्रामपंचायतीकडं निघालो. वाटेत तो भेटला. मी विचारलं, ‘‘पक्कड तू नक्की त्यांनाच दिली होतीस ना?’’ तो माझ्याकडं पाहत राहिला आणि म्हणाला, ‘‘त्याईलेच देल्ली, सर.’’

ओट्यावर पंचवीस-तीस माणसं जमली होती. ताई तावातावानं सांगत होती, की दीडपासून चारपर्यंत तो आमच्यासोबत होता. पण आम्ही पडलो त्याचे सोबती. आमच्या शब्दाला किंमत ती काय? धाकटे भाऊ तर पुढं होऊन हसलेच.

‘‘डब्यात कोन होतं, कोनाले दिसलं? यंत्रमानवाचा आवाज तं सरायचा हाय. साऱ्या गावानं ऐकला. मंग डब्यात सरच असतीन, आन हा मोकळा!’’

लोक माना डोलावू लागले. शुद्ध मराठीची हौस माझी, आणि तिनंच त्याचा साक्षीदार खाऊन टाकला होता.

ताई मात्र ओट्यावरच बसून वही चाळत होती. एकाएकी ती थांबली, तिनं ओळीवर बोट ठेवलं आणि दोस्ताला विचारलं, की फोन एक पस्तीसला जोडला आणि चार दहाला काढला, मधे तोडला नाही असं मी लिहिलंय, ते बरोबर ना? दोस्त म्हणाला, बरोबर. सुट्टीतही? सुट्टीतही, रेंज जाईल म्हणून. मग तिनं विचारलं, की त्या फोनला बोलणं आपोआप साठवून ठेवायची खोड आहे ना?

दोस्ताचा चेहरा आधी उजळला आणि लगेच पडला. स्वतःच्या फोनमधलं तो रोज संध्याकाळी पुसायचा, जागा करायला. तसं कालही पुसलं होतं. हेल्मेटातल्या फोनला मात्र त्यानं हात लावला नव्हता. तो फोन त्यानं विकायला म्हणून दुकानात नेऊन ठेवला होता. त्याची बायको दहाला दुकान उघडते आणि विकायचे फोन सगळ्यात आधी कोरे करून टाकते. पावणेदहा झाले होते.

त्यानं बायकोला फोन लावला. उचलला नाही. ती स्कूटीवर असणार. पुन्हा लावला, पुन्हा नाही. मग आम्ही दोघं त्याच्या गाडीवर बसलो आणि निघालो. एरवी मी चाळीसच्या वर गाडी गेली की कुरकुर करणारा माणूस. त्या दिवशी मागं बसून त्याच्या पाठीत बुक्क्या घालत होतो, अजून जोरात, अजून जोरात. उसाची ट्रॉली, मेंढ्यांचा कळप, एसटी, सगळं मागं पडत गेलं. दर्ग्याकडच्या वळणावर चप्पल निसटली, तीही सोडून दिली. खोटं कशाला बोलू, त्या भीतीतसुद्धा मजा येत होती. इतक्या वर्षांत मी एवढी पानं लिहिली, पण कालयंत्रात बसल्यासारखं मला त्या गाडीवर पहिल्यांदा वाटलं.

दुकान उघडलेलं होतं. वहिनींसमोर चार फोन मांडलेले, आणि त्यांचं बोट नेमकं त्याच फोनवर. दोस्त दारातूनच ओरडला. त्यांनी दचकून बोट उचललं. तीन कोरे करून झाले होते आणि हा चौथा होता.

आम्ही तिथंच काउंटरवर वाकून ऐकायला लागलो. आधी दोस्ताचा आवाज, मग हेल्मेटातला. डावीकडं वळ. वळलो बापा, पन हे गरम किती होऊन राह्यलं. मग सुट्टी, आणि मग एक संथ, खर्जातला आवाज. घोरणं. वायरमन हेल्मेट न काढताच झोपला होता! आम्ही घड्याळ लावून ऐकलं. वीस मिनिटं घोरणं, मग तुरीची सळसळ, आणि मग दुसऱ्याच एका माणसाचा आवाज. तो ओळखला मात्र, दोस्तानं मला मिठी मारली. वहिनी चहा सांगायला निघाल्या होत्या, त्यांना सोडून आम्ही पुन्हा गाडीवर.

बाराला दहा कमी असताना ओट्यावर पोचलो. ग्रामपंचायतीचा कर्णा जोडला. मी अनवाणी, घामानं निथळत उभा आणि समोर सगळं गाव. आधी घोरणं लावलं. गर्दीत क्षणभर कोणाला कळेना काय चाललंय. तेवढ्यात वायरमनची बायको मागून म्हणाली, ‘‘हे आमच्याच घरचं हाय.’’ लोक खो-खो हसले. मग तो दुसरा आवाज कर्ण्यातून आला आणि हसणं थांबलं.

‘‘ए, उठ ना. पक्कड दे जरा, वायर जोडाची हाय.’’

‘‘घेऊन जा, भाऊ. पन लवकर आनून देजा.’’

त्यानंतर पुन्हा घोरणं सुरू.

धाकटे भाऊ खाली बसले. त्यांनी मग सगळं सांगितलं. रानडुकरं वैरणीत घुसतात म्हणून गव्हाणीमागं उघड्या तारेत करंट सोडला होता, बैल दावं तोडून तिला चिकटला आणि तिथंच पडला. थोरल्या भावाच्या धाकानं त्यांनी तार ओढून त्याच्या पायाजवळ आणली आणि पक्कड टाकली. माजी सरपंच उठले, वायरमनसमोर जाऊन उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, ‘‘चुकलं माहं.’’ हात जोडताना त्यांचे डोळे भरले होते, बैलासाठी की कशासाठी, ते मला सांगता येणार नाही.

ताई नाचायचीच बाकी होती. दोस्तानं पेढे आणले. विहाराकडच्या आळीतली पोरं वायरमनला खांद्यावर घेऊन गेली आणि मी त्यांच्यामागं अनवाणी ओरडत गेलो. एवढा आनंद मला माझ्या नोकरीच्या पत्रानंही झाला नव्हता.

गर्दी पांगल्यावर त्याच्या अंगणात आम्ही दोघंच उरलो. त्याची बायको चहा टाकत होती. तो पक्कडीवरची माती पुसत होता. मान वर न करता त्यानं विचारलं, ‘‘सर, तुमाले बी वाटलं होतं ना, का म्याच मारला म्हनून?’’

नाही म्हणणं सोपं होतं. मी म्हणालो, ‘‘हो रे. रातभर वाटलं मले.’’

‘‘मले समजलंच होतं,’’ तो म्हणाला. ‘‘सकाळी तुमी माह्यासंगं शुद्ध बोलून राह्यले होते.’’