माहेरच्या नावाचं पाणी

हिवाळ्यात घाटंजीच्या घरी समोरची खोली कापसाने खिडकीपर्यंत भरलेली असते. भाव वाढेल म्हणून थांबवलेला तो कापूस अंगाला खाजवतो, तरी माहेरी गेले की दुपारची मी त्यालाच पाठ टेकून पडते. बाहेरचे आवाज तिथे फार लांबून येतात आणि जागं असल्याची नीट खात्री वाटत नाही.

त्या दुपारी मी फोनवर माझा आवडता उद्योग करत होते. आमचं आडनाव टाकायचं आणि त्या आडनावाचं कोण मोठं झालं, कोण वारलं, ते वाचत बसायचं. एक न्यायाधीश सापडले, एक पहिलवान, परदेशातले एक डोळ्यांचे डॉक्टर. कुणाशी काडीचा संबंध नाही, पण निधनवार्ता दिसली की 'आपले गेले' म्हणून मी हळहळते. नवरा याला रिकामटेकडेपणा म्हणतो. म्हणू दे.

आई शेजारी तुरीच्या शेंगा सोलत होती. "तुया बापाच्या नावाचे लय सापडले," ती म्हणाली. "आता मायं पाह्य."

"मामाचं आडनाव टाकू?"

"नुसतं आडनाव नायी. मायं पह्यलचं नाव टाक. त्या नावाचं पुढं काई झालं का, पाह्यचं हाय मले."

तिच्या लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं होतं. माझ्या लग्नात मी भांडून माझं तसंच ठेवलं. पण तिचं जुनं नाव मी कधी ऐकलंच नव्हतं. मामा तिला नुसतं बाई म्हणायचे. तिने ते सांगितलं तेव्हा आवाज एकदम कोवळा झाला. मलाच लाजल्यासारखं झालं.

एकच सापडली. दूरच्या गावातली मुख्याध्यापिका. जाड चष्म्यातला फोटो आणि खाली निधनवार्ता. गावात मुलींची शाळा काढली, पुष्कळ वर्षं चालवली, मागे दोन मुलं आणि एक मुलगी. आईने ती बातमी माझ्याकडून पुन्हा वाचून घेतली.

"शाळा काढली तिनं? बरं केलं," ती म्हणाली. "मले बी लय शिकाचं होतं."

मग सूप बाजूला ठेवून ती उठली. थोड्या वेळाने न्हाणीतून पाण्याचा आवाज आला. भावकीतलं कुणी गेल्याचं कळलं की आमच्याकडे डोक्यावरून पाणी घेतात. सासरच्या कितीतरी न पाहिलेल्या माणसांसाठी तिने ते घेतलं होतं.

"आई, ते आपली कोनी लागत नायी," मी म्हणाले.

"तुये जज कोन लागत होते तं?"

ओले केस पाठीवर सोडून ती पुन्हा शेंगांपाशी बसली. खिडकीतलं ऊन सरकत कापसावर आलं होतं. माझा डोळा लागत होता, तेवढ्यात ती बोलली.

"ते नाव तिचं सासरचं असन ना?"

"हो. मधात नवऱ्याचं नाव हाय."

"मंग पह्यलचं काय होतं?"

मी बातमी परत वरपासून पाहिली. त्यात ते नव्हतं.

"पेपरात नसन तं नसू दे," आई म्हणाली. "तिच्या लेकीले तं माहीतच असन."

"असन," मी म्हणाले. मला आईचं जुनं नाव कळून अजून तासही झाला नव्हता.