डाव्या हाताचा ब्रेक

तीस वर्षं मी स्कूटर चालवते आहे. भाजी, बँक, मुलांच्या शाळा, सासूबाईंचा दवाखाना, मुलुंडमधलं सगळं स्कूटरवर उरकलं. त्यामुळे ब्रेक म्हणजे डावा हात हे माझ्या डोक्यात नाही, हातातच बसलेलं आहे. डावा दाबला की मागचं चाक धरतं, उजवा दाबला की पुढचं. माझी सायकलही तशीच आहे. सायकल मी पन्नाशीत घेतली, नणंदेच्या नादाने.

नणंद म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण. घाटकोपरला राहते. आयुष्यभर रिक्षाने फिरली. तिच्या मुलाने परदेशातून परतताना स्वतःची सायकल आणली आणि गॅलरीत ठेवून दिली. ती अडगळ दिसायला नको म्हणून ही तिच्यावर शिकली. वर्षभरात आम्हाला डांबरी रस्त्याचा कंटाळा आला. गाडीच्या मागे सायकली बांधायच्या, मुरबाडच्या पुढे जायचं आणि डोंगरातले खडीचे रस्ते शोधायचे, असं सुरू झालं. जंगलखात्याचे, धरणाच्या कामाचे, कुठे अर्धवट सोडलेल्या घाटाचे. मुरूम, सुटी खडी आणि वळणं. चढताना जीव जातो, उतरताना मजा येते, असं आम्ही सगळ्यांना सांगायचो.

त्या दिवशी चढून गेलो ते पठार मोकळं होतं. दगडावर बसून घावणे खाल्ले. ती माझ्या सायकलीभोवती फिरत होती.

"वहिनी, उतारावर तुझी मला दे."

"का?"

"तुझे टायर जाड आहेत. माझी खडीवर घसरते. तू काय, तुला पाटावर बसवलं तरी उतरशील."

"मोडलीस तर?"

"तर भावाला सांग, तुझी बहीण वाया गेलेली आहे. त्याला माहीत आहे ते."

मी डबे भरत होते. तिने सीट नीट आहे का पाहिलं, हेल्मेट लावलं आणि निघाली. पहिल्या वळणामागे गेली तेव्हा गाणं म्हणत होती.

मी तिची सायकल घेऊन मागून निघाले. उतार सुरू झाला तसा सवयीने डावा ब्रेक दाबला. मागचं चाक धरायचं, तर पुढचंच जागच्या जागी अडकलं आणि खडीवरून आडवं गेलं. वेग नव्हता म्हणून मी गुडघ्यावर पडले, तोंडावर नाही. उठून माती झटकली. वाटलं, ब्रेक खराब आहे. सायकल उभी धरून एकेक ब्रेक दाबून पाहिला. डावा पुढचा, उजवा मागचा. खराब काही नव्हतं. त्या देशात तसेच ब्रेक बसवतात, एवढंच. वर्षभर शेजारी शेजारी सायकली चालवून आम्ही हे कधी पाहिलं नव्हतं, कारण एकमेकींची सायकल कधी घेतलीच नव्हती.

आणि मग आठवलं. तिला मुलाने शिकवलं होतं की उतारावर मागचा ब्रेक दाबायचा, पुढच्याला हात लावायचा नाही. तिच्या हाताला मागचा म्हणजे उजवा. माझ्या सायकलीचा उजवा पुढचा आहे. मी हळू होते म्हणून गुडघ्यावर निभावलं. ती कधीच हळू उतरत नाही.

हाका मारल्या. फोनला रेंज नव्हती, तरी लावला. चालत जावं तर किती वेळ लागेल ते कळत नव्हतं, आणि सायकलीवर बसावं तर माझ्याच डाव्या हाताची मला भीती वाटत होती. हात म्हणजे काय, तो विचारून थोडाच दाबणार होता. शेवटी रुमाल काढला, डाव्या हाताची बोटं मुठीसकट हँडलला गुंडाळली आणि गाठ दातांनी ओढली. फक्त उजव्या हाताने उतरायचं ठरवलं.

तो उतार मी कसा उतरले ते मला नीट सांगता येणार नाही. एका बाजूला डोंगर कापलेला, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. प्रत्येक वळणावर बांधलेली बोटं रुमालात वळवळत होती. तिच्या भावाला काय सांगायचं हा विचार मनात आला आणि त्याचा मला राग आला, म्हणून मी खाली बघायला लागले. मुरमावर माझ्या जाड टायरची नक्षी उमटली होती. ती वळणांतून नीट फिरत होती. म्हणजे इथपर्यंत ती ठीक होती. पुढच्या वळणापर्यंतही ठीक होती. मी नुसती नक्षी वाचत उतरत राहिले.

मग एका वळणावर नक्षी फिरली नाही. खडी उकरलेली दिसली, एक खोल ओरखडा सरळ कडेपर्यंत गेला होता आणि तिथे संपला होता. कठडा नव्हता. ओरखड्याशेजारी माझी पाण्याची बाटली पडली होती.

मला सायकलवरून उतरताच येईना, हात बांधलेला. गाठ सुटेपर्यंत मी मोठ्याने तिला हाक मारत होते. आमच्याकडे नणंदेला वन्सं म्हणायची पद्धत आहे. ती माझ्याहून लहान, म्हणून मी ते कायम चिडवायला म्हणायचे. तेव्हा तोंडातून तेच येत होतं.

"वन्सं, अगं वन्सं."

"ओरडू नकोस," खालून आवाज आला. "कान शाबूत आहेत."

कडेशी पालथी झोपून खाली पाहिलं. ती माणसाच्या उंचीएवढी खाली कारवीच्या झुडपात अडकून बसली होती. सायकल तिच्याही खाली, चाक वाकडं होऊन. कारवीच्या खाली काय होतं ते मी एकदाच पाहिलं.

"हात दे."

"उजवा गेला गं. लटकतोय नुसता."

"डावा दे. आणि खाली बघू नकोस."

"बघून झालंय केव्हाच."

तिने पाय रोवला की मुरूम सुटायचा, आणि मीही तिच्याबरोबर बोटभर पुढे सरकायचे. मी पायाची बोटं रस्त्यावरच्या एका दगडात अडकवली होती. दगड पक्का आहे की नाही ते बघायची हिंमत झाली नाही. ती वर आली तेव्हा आधी तिने माझ्या अंगावर उलटी केली, मग म्हणाली, "तुझ्या ब्रेकला झालंय काय? मी मागचा दाबला."

"मागचा नव्हता तो," मी म्हटलं.

माझ्या ओढणीत तिचा हात बांधला. माझी सायकल तिथेच राहिली, तिची मी ढकलत आणली. खालच्या रस्त्यापर्यंत ती डोंगराच्या बाजूने चालली आणि मी मोकळ्या बाजूने. गाडी मीच चालवली.

प्लास्टर निघाल्यावर तिच्या सायकलीच्या ब्रेकच्या तारा डाव्या-उजव्या बदलून घ्याव्यात असं मी सुचवलं. ती म्हणाली, माझे हात कोण बदलणार. तेही खरं होतं. मग मी दोन्ही सायकलींच्या पुढच्या ब्रेकला लाल टेप गुंडाळली. माझी सायकल आता दुसरी आहे. स्कूटरलाही टेप लावली, त्यावरून नवरा हसतो.

गेल्या रविवारी ती घाटकोपरहून सायकल घेऊन आली. आमच्या कॉलनीमागे डोंगराकडे जाणारा एक कच्चा उतार आहे. लहान मुलं तिथे बसून घसरतात, एवढाच. मी आधी उतरले. खाली थांबून वर पाहिलं. ती दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभी होती. एकदा डावा ब्रेक दाबून बघत होती, एकदा उजवा, पुन्हा डावा.

"ये की," मी म्हटलं.

"येते. थांब."

ती आली नाही. चल, चल, असं काही मला म्हणता येईना, कारण मी उतरले तेव्हाही डाव्या हाताची बोटं ब्रेकपासून लांब, मुठीत मिटलेलीच होती. मी सायकल तिथेच आडवी टाकली आणि वर चढायला लागले. उतार आम्ही दोघी तिची सायकल मधे धरून, चालत उतरलो.