सिंह बघण्याचे डोहाळे

इंद्रायणीला पाचवा महिना लागला तसा गोजाबाईंनी रोज सकाळी तिला एकच प्रश्न विचारायचा नेम धरला. काय खावंसं वाटतंय, काय ल्यावंसं वाटतंय, काय बघावंसं वाटतंय. सून नुसती मान हलवायची आणि चुलीपुढं जाऊन बसायची.

गोजाबाई आकुर्डीच्या जुन्या शेतकरी घरातल्या. नवरा सोपानराव शेतात असायचे आणि एकुलता मुलगा सयाजी पिंपरीला नव्यानं निघालेल्या औषधांच्या कारखान्यात लागला होता. बाई कामाला कुणाला हार जायच्या नाहीत, पण जीव मोठा धास्तावलेला. म्हैस रानातून परतायला उशीर झाला तरी त्या वेशीपर्यंत बघून यायच्या. आणि आता तर कारणही तसंच होतं. इंद्रायणीची दोन बाळंतपणं वाया गेली होती. दुसऱ्या वेळी तिनं कवठ खायला मागितलं होतं. बाजाराच्या दिवशी आणू, असं गोजाबाई सहज बोलून गेल्या आणि बाजार भरायच्या आतच सगळं आटोपलं. विचारपूस करायला आलेल्या बायका डोहाळा अडला म्हणाल्या. कुणी गोजाबाईंना बोल लावला नाही, पण त्यांनी तो आपणहून लावून घेतला.

म्हणून एका सकाळी सून जेव्हा म्हणाली, "मला सिंह बघावासा वाटतो," तेव्हा गोजाबाईंना हसू आलं नाही. त्यांनी हातातलं पीठ तसंच परातीत सोडलं आणि सयाजीला हाक मारली.

सयाजीला वाटलं, यात काय अवघड आहे. त्याच्या सुट्टीला जोडून मुंबईला जाऊ, राणीचा बाग बघू, एक रात्र मावसभावाकडं राहू. त्याच्या खात्यातले दोघेजण नुकतेच जाऊन आले होते. तिथं सिंह हमखास बघायला मिळतो, असं तो म्हणाला. गोजाबाईंच्या डोळ्यांपुढं मात्र खंडाळ्याचा घाट आला. त्या कधी त्या वाटेनं गेल्या नव्हत्या. पण डोंगराच्या पोटातून आगगाडी जाते, आत काळोख होतो, धूर भरतो, एवढं त्यांनी ऐकलं होतं. दोन जिवांच्या बाईनं त्यातून जायचं कसं? मग पुण्याचं नाव निघालं. पर्वतीच्या पायथ्याशी पेशवे पार्क नवं झालं होतं. तिथं वाघ आहे, असं एक जण सांगे. दुसरा म्हणे सिंह आहे, आणि तिसरा म्हणे हरणं न् मोर सोडून काही नाही. मुंबईला जावं तर प्रवास बाधायचा, पुण्याला जावं आणि सिंहच नसला तर डोहाळा अडायचा.

शेवटी त्यांनी कधी न केलेली गोष्ट केली. भाचीला भेटून येते असं सोपानरावांना सांगून त्या एकट्याच चिंचवडला गाडीत बसल्या आणि पुण्याला उतरून टांग्यानं पार्कात गेल्या.

फाटकातून आत शिरल्या शिरल्या त्या थबकल्या, कारण पहिलाच पिंजरा माकडांचा होता. पोटुशीनं माकड बघू नये, असं त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. पलीकडच्या झाडांच्या आडून एक पायवाट जात होती. ती त्यांनी दोनदा चालून बघितली आणि कुठं चढ लागतो, कुठं दगड वर आलेत, तेही मनात धरलं. वाटेच्या टोकाला सिंह होता. लोकांकडं पाठ करून पडला होता. गोजाबाई बराच वेळ उभ्या राहिल्या, तो काही हलला नाही. झाडलोट करणाऱ्या माणसाला त्यांनी विचारलं, "ह्यो उठतो कवा?"

"मांस टाकलं की उठतो, मावशी."

"आन् वरडतो का? लई मोठ्यानं?"

माणूस चक्रावला. मोठ्यानं ओरडला तर लोक खूश होतात, इथं या बाईला ते नको होतं. कधी ओरडतो, कधी नाही, असं तो म्हणाला. ही नवी काळजी घेऊन गोजाबाई घरी आल्या. पण ठरलं ते पुणंच.

सयाजीच्या सुट्टीला तिघं निघाली. गाडीत गोजाबाई सुनेच्या पाठीशी हात धरून बसल्या. फाटकाशी पोचल्यावर त्यांनी आपला पदर तिच्या तोंडावरून ओढला आणि तिला आडवाटेनं नेलं. सयाजी मागून येत होता. सिंह त्या दिवशी जागा होता. उठून गजांपाशी आला, तोंड उघडून जांभई दिली आणि परत खाली बसला. इंद्रायणीनं त्याच्याकडं बघितलं, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

गोजाबाईंनी तिचा दंड धरला. "कळ आली का?" एवढंच त्यांना विचारता आलं. सयाजीला पाणी आणायला पिटाळून त्यांनी सुनेला झाडाखाली बसवलं. तिनं मान हलवली. कळ नव्हती. मग ती बोलली, "आत्याबाई, मला कसलेच डोहाळे न्हाईत. काय खावंसं वाटत न्हाई, काय बघावंसं वाटत न्हाई. तुमी रोज इचारता. समोर चहाचा डबा व्हता, त्याच्यावर सिंव्ह व्हता, म्हून त्येच बोलले."

गोजाबाईंना राग आला असता तर बरं झालं असतं, पण तो आला नाही.

"मला निसतं भ्या वाटतंया," इंद्रायणी म्हणाली. "दिस उजाडला की वाटतं, आज कायतरी व्हनार."

"मला बी," गोजाबाई म्हणाल्या. सुनेपुढं हे त्यांनी आजवर कबूल केलं नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "त्या कवठाचं मनात ठिवू नगंस, पोरी." इंद्रायणीनं चकित होऊन बघितलं. कवठ मागितल्याचं तिला आठवतही नव्हतं.

सयाजी पाणी घेऊन आला तेव्हा दोघी एकमेकींना टेकून बसल्या होत्या.

त्यानंतर गोजाबाईंनी सकाळचा प्रश्न सोडला. धास्ती मात्र सुटली नाही. आठव्या महिन्यात तर त्यांनी सुनेला घागर उचलू दिली नाही, आणि ती झोपली की श्वास चालू आहे ना, हे त्या जवळ बसून बघायच्या. तिच्या ते लक्षात यायचं. कधीकधी ती डोळे न उघडताच म्हणायची, "बरी हाय मी, आत्याबाई."

दिवस भरल्यावर सयाजीनं हट्टानं तिला पुण्याच्या दवाखान्यात नेलं. दुपार कलली तरी आतून काही कळेना. गोजाबाई व्हरांड्यात बसल्या होत्या. त्यांनी कुठल्या देवाला नवस बोलला नाही, कारण बोललेला फेडायचा राहिला तर काय, हीही भीती होतीच. मग परिचारिका बाहेर आली आणि मुलगी झाल्याचं सांगितलं. बाळ जरा हलकं होतं, पण रडलं होतं.

सयाजी आत धावला. गोजाबाईंना काही उठवेना. जरा वेळानं आतून इंद्रायणीचा बारीक आवाज आला, ती आत्याबाईंना बोलवत होती. तेव्हा भिंतीला हात धरून त्या उठल्या, आत गेल्या आणि आधी सुनेच्या कपाळाला हात लावून ताप नाही ना ते बघितलं. मग बाळाकडं वळल्या.