गुलाबाईचा खाऊ आणि माझं फुटकं पोट

देवानं मला पोट दिलं, पण त्याला बूड लावायला तो विसरला. भाकरी राहायच्या त्यात, अगदी शेजारच्या घरच्यासुद्धा. पण कानावर पडलेली गोष्ट घटकाभर टिकायची नाही. आमच्या गावात कुणाला काही जाहीर करायचं असलं, तर तो दवंडीवाल्याकडे जात नसे. तो मला गाठून म्हणे, "कोन्हले सांगू नको बरं," आणि घरी जाऊन निवांत निजे. दुसऱ्या दिवशी दोन कोसांवरच्या गावातली माणसं त्याला त्याविषयी विचारायला येत. दवंडीवाला माझ्याकडे असा बघायचा, जणू त्याच्या तोंडचा घास मीच पळवला. तसा पळवलाच होता म्हणा.

गाव आमचं पांझरेच्या काठचं. धुळ्याला जायचं तर बैलगाडीत बसून एक झोप काढावी लागे. मी धुळ्याला मॅट्रिक व्हायला गेलो होतो. परीक्षेनं मला एकदा बघितलं, दुसऱ्यांदा नीट निरखून बघितलं आणि घरी पाठवून दिलं. तेव्हापासून मी शेतावर होतो, म्हणजे शेत होतं आणि त्यात मी असायचो.

ही गोष्ट आश्विनातली. आमच्याकडे पाऊस गेला की जमीन अशी काही नटते, की परगावचा माणूस वाट विसरावा. त्या वर्षी ज्वारी इतकी वाढली होती, की आमचा उंच पाठीचा बैल तीत शिरला तर फक्त शिंगांचे गोंडे दिसत आणि लोकांना वाटे, हवेत काहीतरी चरत चाललं आहे. बांधावर अंबाडीची पिवळी फुलं, कपाशीची पहिली बोंडं फुटू लागलेली, उत्तरेला सातपुडा धुऊन वाळत घातल्यासारखा निळा. सकाळी दव एवढं पडे, की आबा, म्हणजे माझे वडील, शेतातून परत आले की त्यांचं धोतर पिळून माय तुळशीला पाणी घाली. हे मी वाढवून सांगत नाही. थोडंसंच वाढवतो.

याच दिवसांत आमच्या आळीत गुलाबाई बसायची. भाद्रपदाच्या पौर्णिमेला मुली मातीची गुलाबाई आणि तिचा नवरा गुलाबोजी बसवत, ती कोजागिरीला नदीत जाई. महिनाभर रोज संध्याकाळी टिपऱ्या आणि गाणी. सगळ्या आळीची मिळून एकच गुलाबाई, आणि ती विकत आणायची नाही असा मुलींचा हट्ट. नदीकाठची चिकणमाती चाळून, तीत कापूस कुटून त्या स्वतः मूर्ती घडवत. मखर ज्वारीच्या ताटांचं, त्याला झेंडूच्या माळा आणि मध्येमध्ये कपाशीची फुटलेली बोंडं. टिपऱ्यासुद्धा घरीच तासलेल्या, तेलहळद लावून गुळगुळीत केलेल्या.

त्या वर्षी मूर्तीला हातभार म्हणून गुलाबोजीची मिशी मी केली. म्हशीच्या शेपटीचे केस कातरून आणले आणि अशी झुबकेदार मिशी लावली, की तिच्या वजनानं देवाचं नाक खाली यायला लागलं. मुलींनी हनुवटीखाली ज्वारीच्या ताटाचा टेकू दिला. महिनाभर गुलाबोजी टेकूवर उभा होता. म्हशीनंही महिनाभर मला जवळ येऊ दिलं नाही.

आता मुद्द्याचं सांगतो. गाणी झाली की रोज एकेका घरचा खाऊ असायचा, पण तो सुखासुखी मिळत नसे. झाकलेला पितळी डबा मुलींच्या हातात द्यायचा. त्यांनी तो हलवून आवाज ऐकायचा, झाकणाच्या फटीशी नाक न्यायचं आणि आत काय आहे ते ओळखायचं. तीनदा नाव घ्यायची मुभा. ओळखलं तर घरवाली हरली, नाही ओळखलं तर जिंकली. कोजागिरीच्या दिवशी मात्र आळीतल्या प्रत्येक घरातून एक डबा निघे आणि ज्या मुलीचा डबा कुणालाच ओळखता येत नसे, तिनं गुलाबाईचं ताट डोक्यावर घेऊन सगळ्यांच्या पुढे नदीवर जायचं, अशी आमच्या आळीची रीत होती.

माझी धाकटी बहीण हे ताट डोक्यावर घेण्यासाठी लहानपणापासून झुरत होती, आणि ते तिला एकदाही मिळालं नव्हतं. कारण तुम्ही ओळखलंच. शेंगदाण्याची चिक्की होती त्या वर्षी मी सकाळीच सांगून मोकळा झालो होतो. शेव होती त्या वर्षी तर ती तळायच्या आधीच आळीला कळली होती.

यंदा तिची शेवटची गुलाबाई होती. तुळशीचं लग्न लागलं की तिचंही लागणार होतं. सासर तापीपल्याड सावद्याकडे, केळीच्या बागांत. तिथं गेल्यावर ही नदी नाही, ही आळी नाही. एका रात्री ती मला सरळ बोलली नाही, पण मायला म्हणाली ते मी ऐकलं: "एकदाव तरी ते ताट मना डोकावर येवाले पाहिजे, माय."

माय म्हणाली, "येई ना. तुना भाऊले कोजागिरीलोंग कणगीमा कोंडी ठेव."

आणि कोजागिरीच्या सकाळी बहिणीनं मला जात्याजवळ बोलावलं. तिळाचा खमंग वास घरभर सुटला होता. ती कानाशी येऊन हळूच म्हणाली, "भाऊ, तुले एकलालेच सांगस. डबामा तिळाना लाडू शेतस. कोन्हले सांगू नको."

मी गहिवरलो. एवढं होऊनसुद्धा पोरीनं माझ्यावर विश्वास टाकला. मी तिथल्या तिथं ठरवलं, की आज जीव गेला तरी चालेल, पण तिळाचा त सुद्धा तोंडातून काढायचा नाही.

मी गोफण घेतली आणि पाखरं हाकायला थेट शेतातल्या माळ्यावर चढून बसलो. माणसंच नकोत म्हटलं. पण मंडळी, गुपित पोटात धरून बसणं म्हणजे काय, हे ज्यानं कधी केलं नाही त्यालाच कळेल. सूर्य हातभर वर आला तोवर पोट फुगायला लागलं. मी धोतराची गाठ सैल केली. मग बंडीची बटणं सोडली. दगड फिरकावताना तोंडातून आपोआप 'ति' बाहेर पडे, आणि त्याची मला 'तित्तीर' करून टाकावी लागे. दुपारपर्यंत आमच्या शेतात ज्वारी खाणाऱ्या पाखरांना आपण सगळी तित्तीर आहोत असं वाटायला लागलं असेल.

अशा अवस्थेत खालून बांगड्यांचा आवाज आला. समोरच्या घरात आपल्या मामाकडे वाढलेली पोर माळेसाठी झेंडू खुडायला आली होती. ही आळीतली सगळ्यात तिखट नाकाची मुलगी. बंद डब्यातला गूळ यंदाचा की मागच्या वर्षीचा, तेसुद्धा ती वासावरून सांगे, असा तिचा लौकिक. आणि गेली तीन वर्षं तो लौकिक माझ्या तोंडावर चालला होता. आळीतल्या सगळ्या पोरी मला भाऊ म्हणत. ही नुसतं 'ओ' म्हणायची. हे मी तेव्हाच टिपून ठेवलं होतं, पण ते असो.

"ओ," ती खालून म्हणाली, "यंदा काय शे तुमना डबामा?"

"काही नही."

"काही नही कसं? रिकामा डबा हालाडानं का आम्हीन?"

मी सातपुड्याकडे बघत राहिलो. तिनं फडक्यातून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी काढली, तिच्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत घातलं आणि माळ्याच्या पायाशी बसून सावकाश खायला लागली. वारा नेमका माझ्याकडेच येत होता. मी खाली उतरलो, अर्धी भाकरी खाल्ली, मग उरलेली अर्धीही खाल्ली आणि एक शब्द न बोलता परत वर चढलो.

ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. "ताप येल शे का तुमले?" एवढंच म्हणाली आणि फुलांची टोपली घेऊन गेली.

मी जिंकलो होतो. उन्हं उतरल्यावर मी अशा थाटात घरी आलो, की लढाई मारून आलेल्या शिपायानं मला रस्ता द्यावा. बहीण चुलीपाशी होती.

"सांगं का कोन्हले?" तिनं उत्सुकतेनं विचारलं.

"कोन्हलेच नही," मी छाती काढून म्हणालो. "भरीत खादं, पण सांगं नही."

तिच्या हातातलं उलथनं खाली पडलं.

"आरे देवा," ती म्हणाली. "मी बठ्ठा भरोसा तुनावर ठेवा व्हता."

मग तिनं कपाळाला हात लावून सांगितलं ते असं. डब्यात तिळाचे लाडू नव्हतेच. डब्यात होत्या खसखशीच्या करंज्या. तीळ तिनं मुद्दाम भाजले होते, मूठभर लाडूही वळून मडक्यात टाकले होते, वास गल्लीत जावा म्हणून. मी दुपारपर्यंत आळीभर लाडवांचा डंका पिटणार, पोरी तीनही वेळा लाडवांवरच अडून बसणार, हा तिचा हिशेब. करंजी काय, ती डबा हलवला की खुळखुळते. समोरचीचं नाक तिला पहिल्याच दमात धरणार. सगळं माझ्या फुटक्या पोटावर उभं होतं, आणि नेमकं त्या दिवशी त्याला बूड आलं.

आबा दारात सुपारी कातरत होते. ते मान वर न करता म्हणाले, "जन्ममा एक दिन गप ऱ्हायना, तो बी चुकीना."

मी तसाच धावत सुटलो. अजून मुली जमल्या नव्हत्या. समोरच्या अंगणात ती माळ ओवत बसली होती. मी कठड्याला टेकलो, इकडचं तिकडचं बोललो, यंदाच्या कपाशीविषयी बोललो, मग सहज सुचल्यासारखं म्हणालो, "आमना डबामा तिळाना लाडू शेतस."

तिची सुई थांबली. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. बंडीची बटणं उघडी, धाप लागलेली, कानशिलावरून घाम.

"दुपारले भाकर खाईसन सांगं नही," ती हळूच म्हणाली, "आनि आते पळत ईसन सांगतंस. मंग लाडू तर नहीच."

मी परत आलो तेव्हा माझे पाय मला ओढत आणत होते. बहिणीनं विचारलं, "सांगं?"

"सांगं."

"तिनी ऐकं?"

माझ्या आयुष्यात मी दुसऱ्यांदा गप्प बसलो, तेही त्याच दिवशी. बहिणीनं माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं, पदर खोचला आणि मला म्हणाली, "जाय, अंगणमा सतरंजी टाक."

चंद्र ज्वारीच्या कणसांवर टेकला तेव्हा आळी आमच्या अंगणात जमली. टिपऱ्या वाजल्या. एकेक डबा फिरला, एकेक ओळखला गेला. समोरचीचं नाक त्या दिवशी नुसतं तापलेलं होतं. तिच्या मामाच्या घरचा डबासुद्धा दुसऱ्या मुलींनी ओळखला, कारण मुगाची भजी लपून लपणार किती. शेवटी राहिला आमचा. मी खांबाआड उभा होतो आणि करंज्यांच्या खुळखुळण्याची वाट बघत होतो.

तिनं डबा कानाशी धरून हलवला. मग नाक फटीला लावलं. भुवया वर गेल्या. बाकीच्या मुली कुजबुजल्या, "तीळना वास येस."

"वास मुद्दाम करेल शे," ती ठामपणे म्हणाली, आणि माझ्याकडे एक कटाक्ष टाकला. "चिक्की."

बहीण म्हणाली, "नही."

"रेवडी."

"नही."

आता अंगणात कुणी हालत नव्हतं. बहिणीच्या हातातल्या टिपऱ्या एकमेकींवर घट्ट आवळलेल्या मला दिसत होत्या. समोरचीनं डबा पुन्हा हलवला, पुन्हा हुंगला. तिच्या ओठांवर लाडू आला होता, शपथेवर सांगतो, मी बघितला. तिनं तो गिळला आणि म्हणाली, "गूळपापडी."

बहिणीनं झाकण काढलं. आत तिळाचे लाडू होते.

मी समोरच्या घरी पळालो होतो तेवढ्या वेळात तिनं करंज्या काढून मडक्यातले लाडू डब्यात भरून ठेवले होते. मी सांगायला जाणार, घामाघूम होऊन सांगणार आणि समोरची अजिबात विश्वास ठेवणार नाही, हे तिनं चुलीपाशी बसूनच ओळखलं होतं. माझ्या तोंडाकडे पाहिलं ते फक्त खात्री करायला. म्हणजे त्या दिवशी संध्याकाळी मी समोरचीला अगदी खरं सांगून आलो होतो, आणि बातमीदार म्हणून माझी अब्रू त्याच बातमीत गेली.

समोरचीनं डब्यातला एक लाडू उचलला, दातानं फोडला आणि म्हणाली, "हारनू मी." मग स्वतःच पुढे होऊन ताट माझ्या बहिणीच्या डोक्यावर ठेवलं.

नदीपर्यंतच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी ज्वारी उभी होती, मध्ये चांदणं आणि सगळ्यांच्या पुढे माझी बहीण. एरवी तुरुतुरु चालणारी ती पोर त्या रात्री इतकी सावकाश चालली, की मागच्या मुलींची गाणी संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. कुणी तिला घाई केली नाही. मी मागून गुलाबोजीचा टेकू धरून चाललो होतो.

पाण्यात कमरेएवढी उतरल्यावर ती थांबली. ताट खाली घेईना. समोरची आत शिरून तिच्या शेजारी उभी राहिली. मग दोघींनी मिळून गुलाबाई पाण्यात सोडली. कापूस कुटलेली माती हळूहळू विरघळली, आधी गुलाबाईचे डोळे गेले, मग गुलाबोजीचं नाक. मिशी मात्र विरघळेना. ती चांदण्यात तरंगत पांझरेतून तापीकडे निघाली. बहीण जाणार पूर्वेला सावद्याकडे आणि माझी मिशी पश्चिमेला सुरतेच्या रस्त्याला लागली, हे बघून बहीण रडता रडता हसायला लागली. तेच हसू ती सासरी घेऊन गेली, असं मी सगळ्यांना सांगतो.

समोरची आता समोर राहत नाही. पुढच्या वर्षी ती आमच्याच घरात आली, आणि त्यालाही आता बरीच वर्षं झाली. अजूनही मी बाजारातून आलो आणि कपाशीचा भाव जसा आहे तसा सांगितला, तर ती आधी माझ्या बंडीच्या बटणांकडे बघते आणि मग शेजारी विचारायला जाते.