फळ्यावरचा निकाल

"दिसलं ते बोलायचं. दुसरं काय असतं मार्कराचं काम?" असं म्हणून मार्करबाबा उजवा हात सरळ बाजूला झटकायचे. म्हणजे बॅडमिंटनचं फूल रेषेबाहेर पडलं. कँटीनच्या रांगेत कुणी मध्येच घुसला तरी तो हात तसाच झटकला जाई. "बाहेर!" घुसणारा निमूट मागे जाऊन उभा राही.

तुमच्याही कचेरीत, कारखान्यात असा एखादा चिडका म्हातारा असेल. आपण त्याच्या पाठीमागे हसतो आणि तो समोर आला की जरा नीट वागतो.

पिंपरीला तेव्हा कारखाने नुकते उभे राहू लागले होते. त्यातल्याच एका कारखान्यात मी कारकून होतो. कँटीनमागे बॅडमिंटनचं मैदान झालं आणि क्लबाचा सेक्रेटरी म्हणून साहेबांनी मला नेमलं. कारण मी कशालाच नाही म्हणत नसे. मैदान सांभाळायला माणूस हवा होता. पिंपरी गावातला एक म्हातारा तरुणपणी पुण्याला गोऱ्यांच्या क्लबात मार्कर होता, म्हणजे रेषेवर उभा राहून फूल आत की बाहेर ते सांगायचा आणि निकाल मांडायचा, असं कळलं. त्यांना बोलावून आणलं. वय पासष्टीच्या पुढं, अंग काटकीसारखं, आवाज मात्र भोंग्यासारखा.

पहिल्याच दिवशी मी बांधलेल्या जाळीकडे त्यांनी पाहिलं. "भाऊसाहेब, ही जाळी हाय का वाळत घातलेलं धोतर?" एका अधिकाऱ्याने पिसं चिमटीत धरून फूल उचललं, तर त्यालाही सोडलं नाही. "पिसाला नका धरू! कोंबडी हाय का ती?" अधिकारी हसला, पण पुढच्या वेळी त्यानं फूल बुचालाच धरलं.

त्यांचा सगळा जीव एका फिटरवर होता. मराठवाड्यातून आलेला, लग्न झालेला, नोकरीत अजून कायम न झालेला. त्याला त्यांनी वर्षभर शिकवलं. शिकवलं म्हणजे शिव्या घातल्या. "हात न्हाई, पाय हलीव! फूल काय तुज्याकडं चालत येनार हाय व्हय?" फिटर ऐकून घ्यायचा. वर्षभरात कारखान्यात त्याच्यासमोर उभा राहील असा एकच उरला, तो म्हणजे आमचा असिस्टंट मॅनेजर.

स्पर्धा ठरली तेव्हा फळा रंगवता रंगवता बाबांनी मला ती जुनी गोष्ट सांगितली. पहिल्या महायुद्धाआधीची. गोऱ्यांची मोठी चँपियनशिप होती, लांबलांबच्या छावण्यांतून खेळणारे आले होते. शेवटच्या सामन्यात एका बाजूला लाल मिशांचा कॅप्टन, दुसऱ्या बाजूला पोलीसखात्यातला एक किरकोळ गोरा. मागच्या रेषेवर बाबा. अखेरच्या गुणाला कॅप्टननं मारलेलं फूल बाहेर पडलं.

"मी हात केला, बाहेर. पंच म्हनाला, नेटिव्हाला काय दिसतंय, आत हाय ते. कॅप्टन जितला."

"मग?"

"मग काय? निकाल फळ्यावर लिवायचं काम माजं. इंग्रजी अक्षरं मी चितारून चितारून शिकलो व्हतो. लिवलं कॅप्टनचं नाव. ह्याच हातानं." ते हाताकडे पाहत राहिले. "गोरा असू दे न्हाईतर काळा, फूल बाहेर म्हंजे बाहेर. समदं दिसत असून मी लिवलं."

मी म्हणालो, "बाबा, तो काळ वेगळा होता. आता आपलं राज्य आहे."

ते माझ्याकडे बघून हसले. मला ते हसणं आवडलं नव्हतं.

शेवटचा सामना रविवारी सकाळी होता. सगळा कारखाना मैदानाभोवती. फिटर विरुद्ध असिस्टंट मॅनेजर, आणि पंच म्हणून उंच खुर्चीवर साहेबांचाच एक दोस्त. तिसऱ्या डावात फिटर चौदा, साहेब तेरा. सर्व्हिस फिटरची होती आणि त्याला एकच गुण हवा होता. साहेबांनी फूल उंच मागे टाकलं. फिटरनं मान वर करून पाहिलं आणि रॅकेट खाली घेतली. फूल रेषेच्या चार बोटं बाहेर पडलं. मी रेषेच्या सरळ रेघेत बसलो होतो. मी पाहिलं.

बाबांचा हात बाजूला गेला. "बाहेर!"

"आत," पंच खुर्चीवरून म्हणाला.

"मी हितं हुबा हाय! तुमी तिकडनं काय बगताय?"

"म्हातारबा, गप बसा. डोळे गेलेत तुमचे."

लोक ओरडले आणि लोकच गप्प झाले. सर्व्हिस साहेबांकडे गेली. फिटरचा हात त्यानंतर मोकळा चाललाच नाही. साहेब जिंकले. फिटरनं जाळीपाशी जाऊन हात मिळवला, वर हसलासुद्धा. बाबा त्याच्यावर धावून गेले. "हात का दिलास त्याला? का दिलास?"

फिटर हळूच म्हणाला, "बाबा, मला कायम व्हायचंय."

बाबा तसेच फळ्यापाशी गेले आणि विजेता म्हणून फिटरचं नाव लिहिलं. मोठ्ठं, वाकडंतिकडं. खालच्या ओळीत साहेबांचं.

असिस्टंट मॅनेजरनं ते वाचलं. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "सेक्रेटरी, चूक झालेली दिसते. नीट करा."

मी नीट केलं. ओल्या फडक्यानं पुसलं आणि वळणदार अक्षरात नावं उलटी लिहिली.

"भाऊसाहेब, तुमी पुसलंत?"

"साहेबांनी सांगितलं, बाबा."

"मलाबी सायबानंच सांगितलं व्हतं."

डोक्याचं मुंडासं सोडून त्यांनी पुन्हा घट्ट बांधलं आणि फाटकाबाहेर पडले. पुन्हा आले नाहीत. फिटर दोन महिन्यांनी कायम झाला. पण त्यानं रॅकेट पुन्हा हातात धरली नाही. आज इतक्या वर्षांनी मला राग येतो तो त्या साहेबाचा नाही. साहेब असेच असतात. राग येतो तो माझ्या त्या वळणदार अक्षराचा.

पुढच्या स्पर्धेच्या तोंडावर मी त्यांना बोलवायला गेलो. पवनेकाठी त्यांचा जमिनीचा एक तुकडा होता. मुलगा मोट हाकत होता आणि बाबा वाफ्यांना पाणी देत होते.

"बाबा, यंदा पंच तुम्हीच. साहेबांना विचारलंय मी."

"इचारलं?" ते खोऱ्यानं माती ओढत म्हणाले. "आन् त्या फिटराचा निकाल?"

त्यानंतर वर्षभरातच ते गेले. दहावा झाल्यावर मला कळलं.

पण आठवतो तो वाफाच. मी बांधावर नव्हतो, भर वाफ्यात बूट घालून उभा होतो, नुकतीच उगवलेली मेथी तुडवत. पाणी आलं, बुटांत शिरलं. ज्या माणसानं उभ्या कारखान्याला ओरडून वळण लावलं, तो मला बाजूला हो असंही म्हणाला नाही. माझ्या पायांना वळसा घालून त्यानं दुसऱ्या वाफ्याचं तोंड फोडलं आणि पाण्याबरोबर पुढं निघून गेला.